फुकेतहून एका दिवसात कोणती बेटं करावीत? मे अखेरीस, सासूबाई आणि सात वर्षांचा मुलगा बरोबर असताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात चार रात्री फुकेतला मुक्काम. बरोबर सात वर्षांचा मुलगा आणि 67 वर्षांच्या सासूबाई. सासूबाईंचे गुडघे दुखतात, आणि त्या शाकाहारी आहेत. एजंटने तीन सहली सुचवल्यात. पहिली स्पीडबोटीने फी फी, माया बे, बांबू आणि खाई अशी ‘एका दिवसात चार बेटं’, दुसरी जेम्स बॉण्ड आयलंड, तिसरी सिमिलन. यातली कोणती घ्यावी, की तिन्ही घ्याव्यात?

मी गेली सोळा वर्षं मराठी कुटुंबांचे ग्रुप घेऊन फुकेतला जाते. वर्षातून चार-पाच फेऱ्या होतात, त्यातली एक तरी मेमध्ये असतेच, कारण आपल्या शाळांची सुट्टी तेव्हा असते. त्यामुळे हा प्रश्न मला फार ओळखीचा आहे.

सिमिलन आधी यादीतून काढा. सिमिलनचं राष्ट्रीय उद्यान 15 ऑक्टोबर ते 15 मे एवढंच उघडं असतं. मेच्या शेवटच्या आठवड्यात तिथे कुठलीच सहल जात नाही. एजंटने तरीही ते नाव लिहिलंय याचा अर्थ त्याने वर्षभर चालणारी एकच यादी सगळ्यांना पाठवलीये, तारीख न बघता. त्याला नुसतं विचारा, “आमच्या तारखेला सिमिलन उघडं आहे का?” काय उत्तर येतं ते बघा, म्हणजे बाकीच्या दोन सहलींबद्दल त्याच्यावर किती विसंबायचं ते कळेल.

आता मुख्य मुद्दा. फुकेतचा नकाशा समोर घ्या. उत्तर-दक्षिण साधारण पन्नास किलोमीटरचं बेट, वरच्या टोकाला पुलाने मुख्य भूमीला जोडलेलं. पश्चिमेला पातोंग, करोन, काता हे प्रसिद्ध किनारे, आणि त्यांच्यापुढे मोकळा अंदमान समुद्र. पूर्वेला मात्र फांग ङा उपसागर. त्याच्या एका बाजूला फुकेत, उत्तरेला फांग ङाचा किनारा, पलीकडे क्राबी. म्हणजे फुकेतच्या दोन अंगांना दोन वेगळे समुद्र आहेत, आणि बेटाची निवड म्हणजे खरं तर या दोनांतल्या एकाची निवड.

मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तिथे नैर्ऋत्य मोसमी वारे असतात. मोकळ्या समुद्रावरून आलेली लाट थेट पश्चिम किनाऱ्यावर आपटते. उपसागरासमोर मात्र फुकेत स्वतःच भिंतीसारखं उभं असतं, म्हणून बाहेर दीड मीटरची लाट असताना आत तळ्यासारखं पाणी असू शकतं. पण हे शांत पाणी निळं नसतं. नद्या आणि खारफुटी आपला गाळ उपसागरात आणतात, पाणी उथळ आहे, रंग हिरवट आणि बराचसा गढूळ. काचेसारखं स्वच्छ पाणी हवं तर गाळापासून दूर, मोकळ्या समुद्रात जावं लागतं, आणि मेअखेरीस लाटाही तिथेच असतात. फेब्रुवारीत शांत आणि निळं पाणी एकाच जागी मिळतं. एजंट पाठवतो ते फोटो बहुधा तेव्हाचे असतात.

म्हणून तुमच्या कुटुंबासाठी मी असं म्हणेन: एक पूर्ण दिवस फांग ङा उपसागर, मोठ्या बोटीने. दुसऱ्या दिवशी हवा बरी असेल तर खाई बेटांची अर्ध्या दिवसाची सहल. फी फी तुमच्या मनात असेल तर तीही होऊ शकेल, पण ‘चार बेटं’ वाल्या स्पीडबोटीने नको. का, ते सविस्तर सांगते, कारण माझा सगळ्यात जास्त जीव याच गोष्टीत अडकलेला आहे.

फी फी फुकेतच्या आग्नेयेला साधारण पंचेचाळीस किलोमीटरवर आहे. स्पीडबोट ते अंतर तासाभरात कापते. जाताना वारा बऱ्याच अंशी पाठीशी असतो, सकाळची वेळ असते, सगळे मजेत असतात. परतताना तोच वारा समोरून किंवा कुशीवर येतो, दुपारी ढग भरून आलेले असतात, आणि चालकाला उजेड असेपर्यंत धक्क्याला लागायचं असतं. तेव्हा बोट लाटेवरून उडते आणि आपटते. पुढच्या टोकाला उघड्यावर बसायची जागा असते, वारं छान लागतं, फोटो छान येतात, म्हणून लोक धावत जाऊन तिथे बसतात. आपटण्याचा सगळा मार त्याच जागेवर येतो.

माझ्या एका ग्रुपमधल्या पंचावन्न वर्षांच्या बाई परतीच्या वाटेवर पुढे जाऊन बसल्या. मी दोनदा मागे बोलावलं, तिसऱ्यांदा नाही बोलावलं. एका लाटेवर बोट आपटली, त्या जागेवरून हातभर उडाल्या आणि बसत्या झाल्या. ओरडल्या नाहीत, नुसत्या पांढऱ्याफटक पडल्या. धक्क्यावरून सरळ इस्पितळात नेलं. कमरेचा मणका दबला होता. उरलेली सहल त्यांनी खोलीत पडून काढली आणि पुढचे तीन महिने पट्टा लावला. त्या दिवसापासून माझ्या ग्रुपमध्ये पन्नाशीच्या वरचं कुणीही, पाठदुखी असलेलं कुणीही आणि लहान मूल स्पीडबोटीच्या पुढच्या अर्ध्या भागात बसत नाही. गरोदर बाईला तर स्पीडबोटीत बसवायचंच नाही. चांगले बोटवाले स्वतःच नकार देतात.

सासूबाईंसाठी आणखी एक अडचण आहे, जी माहितीपत्रकात कधीच नसते. स्पीडबोटीतून बेटावर उतरायचं म्हणजे बऱ्याचदा मागच्या बाजूच्या लोखंडी शिडीवरून पाण्यात उतरायचं. पायऱ्या अरुंद, ओल्या, बोट वर-खाली होतेय, शेवटच्या पायरीखाली पाणी कधी गुडघाभर तर कधी कमरेएवढं. बोटीत चढायच्या आधीच सगळ्यांच्या चपला एका टोपलीत जमा होतात, म्हणजे पाय अनवाणी आणि खाली पोवळ्यांचे तुकडे. चार बेटं म्हणजे हे चार वेळा उतरणं आणि चार वेळा चढणं. शिवाय बहुतेक स्पीडबोटींवर शौचालय नसतं, असलं तर नावापुरतं. सासूबाई तक्रार करणार नाहीत, फक्त सकाळपासून पाणी पिणं बंद करतील. आपल्याकडच्या कितीतरी आयांना मी हे करताना पाहिलंय, आणि त्या उन्हात दुपारी त्यांना चक्कर येताना पण पाहिलंय.

फी फी करायचीच असेल तर रासादा धक्क्यावरून मोठी फेरीबोट जाते. दोन तास लागतात, पण आत बसायला खुर्च्या आहेत, शौचालय आहे, आणि ती लाटेवर आपटत नाही, डोलते. मोठी कॅटामरान, म्हणजे दोन सांगाडे जोडलेली बोट, घेतली तरी चालेल. दोन्हींचं उतरणं सोपं. बेटं कमी होतील, तर होऊ देत.

माया बेबद्दल अपेक्षा आधीच नीट करून घ्या. हॉलिवूडच्या चित्रीकरणानंतर ती खाडी जगभर गाजली आणि दिवसाला हजारो माणसं येऊ लागली. नांगरांनी आणि पायांनी पोवळी मेली. जून 2018 मध्ये ती बंद केली, ती 1 जानेवारी 2022 ला उघडली. त्या काळात तिथे काळ्या टोकाच्या पंखांचे लहान शार्क परत आले, अगदी काठाजवळच्या पाण्यात. आता बोटी खाडीत शिरत नाहीत. मागच्या बाजूला, लोह सामा खाडीत, तरंगत्या धक्क्याला लागतात आणि लाकडी वाटेने चालत पलीकडे जायचं. पोहायला बंदी आहे, गुडघाभर पाण्यात उभं राहता येतं. दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ती पूर्ण बंद असते, तुमच्या तारखांना उघडी असेल. पण तो तरंगता धक्का मेमध्ये चांगलाच हलतो. मुलाला मजा येईल, सासूबाईंना दोन्ही बाजूंनी हात द्यावा लागेल.

त्याच बेटावरचं पिलेह हे कड्यांमधलं हिरवं पाणी अतिशय सुंदर आहे. तिथे किनारा नाही, बोटीतूनच पाण्यात उतरायचं. व्हायकिंग केव्ह बोटीतूनच बघायची असते, आत पाकोळ्यांची घरटी काढण्याचं काम चालतं. आणि ‘मंकी बीच’ सहलीत असेल तर मुलाला खाली उतरवू नका. तिथली माकडं माणसाच्या हातातल्या पिशवीला सरावलेली आहेत आणि चावतात. माकड चावलं की रेबीजच्या लसीचे डोस, म्हणजे सुट्टी तिथेच संपली.

आता फांग ङा. ‘जेम्स बॉण्ड आयलंड’ या नावाने ही सहल विकतात, त्यामुळे लोकांना वाटतं की तो एकटा सुळका बघायला जायचंय. तो सुळका म्हणजे को तापू, साधारण वीस मीटर उंच, चुनखडीचा, वर जाड आणि खाली निमुळता. 1974 च्या बॉण्डपटात तो दिसला आणि त्याचं नावच बदललं. त्याच्या जवळ बोट न्यायला बंदी आहे, शेजारच्या खाओ फिंग कानवर उतरून समोरून बघायचा. तिथे दुकानं आहेत, गर्दी आहे, अर्धा तास पुरतो. ही सहल त्या सुळक्यासाठी करू नका, करायची ती हाँगसाठी.

थाई भाषेत हाँग म्हणजे खोली. चुनखडीच्या बेटाच्या पोटात पाण्याने गुहा पोखरली, आणि कधीतरी तिचं छत कोसळलं. बाहेरून बघितलं तर नुसता कडा. आत मात्र आभाळाला उघडी, चारही बाजूंनी उभ्या भिंतींची खोली, तळाशी समुद्राचं पाणी आणि खारफुटी. आत जायची वाट म्हणजे कड्यातलं एक भोक, आणि ते भोक भरती-ओहोटीच्या ताब्यात. को पानाक आणि को हाँग या बेटांवर अशा खोल्या आहेत. मोठी बोट बाहेर थांबते, तिथून रबरी कॅनूमध्ये दोघं-तिघं बसायचं, वल्हवणारा मागे असतो. तुम्हाला काहीच करायचं नसतं.

म्हणूनच या सहलीत भरतीची वेळ ही सगळ्यात महत्त्वाची. पाणी फार चढलं तर भोक बुजतं, फार उतरलं तर कॅनू चिखलात रुततो. कोकणातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस उधाण आणि अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे सगळ्यात कमी चढ-उतार, हे तिथेही खरं. फक्त आपला तिथीवरून वेळ काढायचा हिशेब तिथल्या घड्याळाला लागू पडत नाही, तिथलं कोष्टक वेगळं. भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, त्यामुळे चांगला बोटवाला रोज त्याच क्रमाने बेटं करत नाही. कधी हाँग आधी, कधी जेवणानंतर. बुकिंग करताना विचारायचा प्रश्न हाच: “आमच्या तारखेला गुहेत किती वाजता शिरणार?” जो तारीख बघून वेळ सांगतो, तो स्वतः पाण्यावर काम करतो. जो म्हणतो “नो प्रॉब्लेम, एनी टाइम”, त्याला तिथेच सोडा.

या बोटी बऱ्याचदा आओ पो धक्क्यावरून सुटतात, बेटाच्या ईशान्येला. पातोंगहून गाडीने तास तरी धरा, वाटेत इतर हॉटेलांवर थांबत गेली तर जास्तच. बोट दुमजली, सावली आहे, शौचालय आहे, जेवण बोटीवरच. काही सहली जेवायला को पान्यीला थांबतात. हे कड्याला टेकून पाण्यात खांबांवर उभं असलेलं गाव. जावाहून आलेल्या मुस्लिम कोळ्यांनी वसवलेलं, मधोमध मशीद, आणि मुलांनी खेळायला बांधलेलं तरंगतं फुटबॉलचं मैदान. तुमच्या मुलाला सुळक्यापेक्षा ते मैदान आवडेल, पैज लावते. लोकांच्या घरांच्या मधून जायची वाट आहे, पोहण्याच्या कपड्यांवर फिरू नका.

सासूबाईंच्या जेवणासाठी एकच शब्द पाठ करा, ‘जे’. ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं तर वर मासे नसतील, पण आत माशाचा सॉस, म्हणजे ‘नाम प्ला’, असू शकतो. ‘किन जे’ म्हटलं की मांस, मासे, अंडी, माशाचा सॉस काहीही नाही, आणि कांदा-लसूणही नाही. फुकेतमध्ये दरवर्षी शाकाहाराचा मोठा उत्सव असतो, त्यामुळे हा शब्द तिथल्या प्रत्येकाला कळतो. बुकिंगच्या वेळीच लिहून घ्या, बोटीवर गेल्यावर सांगून उपयोग नसतो.

खाई बेटं तीन आहेत, खाई नोक, खाई नाई आणि खाई नुई. फुकेतच्या पूर्वेला, स्पीडबोटीने वीस-पंचवीस मिनिटं. फुकेतच्या आडोशाला असल्यामुळे मेमध्येही बऱ्याच दिवशी पाणी बरं असतं, उपसागराच्या आतल्या भागापेक्षा स्वच्छ, आणि गुडघाभर पाण्यात पट्ट्यापट्ट्यांचे मासे पायाभोवती फिरतात. सात वर्षांच्या मुलाला यापेक्षा जास्त काही लागत नाही. झाडांची सावली कमी, छत्रीखालच्या खुर्चीचे वेगळे पैसे द्यावे लागतात, ते सासूबाईंसाठी द्या. माशांना पाव घालू नका, कुणी हातात दिला तरी.

चालोंग धक्क्यावरून को हे, म्हणजे ‘कोरल आयलंड’, पंधरा-वीस मिनिटांवर आहे. तेही चालेल, फक्त पॅरासेलिंगच्या बोटींचा गोंगाट फार. राचा याईचं पाणी सगळ्यांत सुंदर, पण दक्षिणेला मोकळ्या समुद्रात. मेअखेरीस तुम्हाला मी ते सुचवणार नाही. 5 जुलै 2018 ला याच भागात पर्यटकांची मोठी बोट वादळात बुडाली आणि 47 जण गेले. त्या दिवशी हवामानाचा इशारा दिलेला होता. मोठी बोट म्हणजे सुरक्षित असं समजून इशाऱ्याकडे दुर्लक्ष करायचं नाही, हे मी तेव्हापासून प्रत्येक ग्रुपला पहिल्याच संध्याकाळी सांगते.

थायलंडचं हवामान खातं अंदमान समुद्रासाठी रोज लाटांची उंची देतं. माझा स्वतःचा नियम असा: मीटरभर लाट असेल तर जायचं. दीडपर्यंत असेल तर फक्त उपसागरात. दोन मीटर म्हटलंय आणि बोटवाला तरीही नेतोय, तर मी पैसे सोडते. त्यासाठीच समुद्राची सहल पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी ठेवावी, म्हणजे रद्द झाली तर पुढचा दिवस हाताशी राहतो. विमानाच्या आदल्या दिवशी ठेवली की माणूस हट्टाने जातो.

पैशांचं: राष्ट्रीय उद्यानाचं शुल्क पुष्कळदा सहलीच्या किमतीत धरलेलं नसतं आणि धक्क्यावर रोख मागतात. परदेशी पाहुण्यांसाठी फी फीचं प्रौढांना 400 बाट आणि मुलांना 200, फांग ङाचं 300 आणि 150. ‘आत आहे की वेगळं’ एवढं लिहून घ्या, आणि पावतीवर कंपनीचा पर्यटन परवाना क्रमांक आहे का ते बघा.

मुलाचं लाइफ जॅकेट धक्क्यावरच तपासा, समुद्रात गेल्यावर नाही. घालून सगळे पट्टे आवळा, मग दोन्ही खांद्यांपाशी धरून वर उचला. जॅकेट हनुवटीच्या वर सरकलं तर ते मोठ्यांचं आहे, पाण्यात पडल्यावर मूल त्यातून खाली निसटेल. लहान मापाचं मागा. असतं, पण बऱ्याचदा बोटीच्या तळाशी असतं आणि काढायचा कंटाळा केला जातो. मिळेपर्यंत बोटीत चढू नका. मी एकदा यावरून बोट वीस मिनिटं अडवली आहे आणि पुन्हा अडवेन.

उन्हासाठी त्याला लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घ्या. थायलंडच्या सागरी उद्यानांत ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट, 4-मिथाइलबेन्झिलिडीन कॅम्फर किंवा ब्युटिलपॅराबेन असलेल्या सनस्क्रीनवर 2021 पासून बंदी आहे, दंड एक लाख बाटपर्यंत. ट्यूबच्या मागचं बारीक अक्षर वाचून घ्या. बोट लागण्याची गोळी निघण्याआधी तासभर, मुलाचा डोस डॉक्टरांना विचारून. मळमळायला लागल्यावर दिलेली गोळी बाहेरच येते.

आणि ज्या दिवशी सहल नसेल त्या दिवशी पातोंग-करोनच्या पाण्यात लाल झेंडा असेल तर घोट्याच्या वर जायचं नाही. मे ते ऑक्टोबर तिथले ओढ घेणारे प्रवाह चांगल्या पोहणाऱ्यालाही आत नेतात. बोटीत सगळी काळजी घेऊन किनाऱ्यावर निष्काळजी होणारे लोक मी फार पाहिलेत.

शेवटी कॅनूचं, कारण सासूबाई ‘मी बोटीवरच थांबते’ म्हणतील. त्यांना थांबू देऊ नका. बोटीच्या मागे पाण्यालगत एक फळी असते, तिच्यावर आधी बसायचं. मग बसल्या बसल्याच कॅनूच्या मधोमध सरकायचं आणि पाय सगळ्यात शेवटी आत घ्यायचे. गुडघ्यावर भार येतच नाही. मुलाला त्यांच्या पुढ्यात बसवा. गुहेत शिरताना वल्हवणारा सगळ्यांना पाठीवर आडवं व्हायला सांगेल. छत नाकापासून वीतभर अंतरावर येतं आणि भिंतींना चिकटलेल्या कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात. तेव्हा हात पोटावर ठेवायचे, बाहेर काढायचे नाहीत, आणि डोक्यावर आभाळ दिसेपर्यंत उठून बसायचं नाही, हे आजी आणि नातू दोघांनाही आदल्या रात्रीच सांगून ठेवा.